झाड कुठं पळून जातं? : लाकूडतोड, ज्ञान आणि जबाबदारी



गेल्या वेळी आपण 'कृती आणि तिचा परिणाम' या विषयावर बोललो. त्यानंतर दोन-तीन श्रोत्यांनी कळवलं की सर, विषय चांगला होता, पण उदाहरणं फार पुस्तकी वाटली. तक्रार रास्त आहे. चाळीस वर्षं वर्गात घट आणि पट, दोरी आणि साप यांच्यावर काढली की माणसाला दुसरं काही सुचेनासं होतं. म्हणून आज एकच उदाहरण घेणार आहे आणि शेवटपर्यंत तेच धरून राहणार आहे. ते उदाहरण आहे झाड तोडण्याचं. झाड सुरक्षितपणे कसं पाडतात, त्यासाठी काय माहीत असावं लागतं, आणि अपघात झाला तर तो कोणाचा, हे तीन प्रश्न.

प्रामाणिक लाकूडतोड्याची गोष्ट आपण सगळे लहानपणी शिकलो. नदीकाठी लाकडं तोडताना त्याची कुऱ्हाड पाण्यात पडते, मग देवता येते, सोन्याची कुऱ्हाड, चांदीची कुऱ्हाड वगैरे. गोष्टीचं तात्पर्य प्रामाणिकपणा. पण त्याची कुऱ्हाड हातातून सुटलीच कशी, असं कोणत्याही मुलानं विचारलेलं मला आठवत नाही. शिक्षक म्हणून मीही कधी विचारलं नाही. हातातून सुटलेली कुऱ्हाड पाण्यात न जाता पायावर पडली असती तर? ती शक्यता गोष्टीत नाही. लाकूडतोड्याच्या धोक्याकडे आपण किती सहज काणाडोळा करतो, याचा हा लहानसा नमुना.

१. फणसाची हकीकत

हा विषय मी का घेतला, ते आधी सांगतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात आमचं जुनं घर आहे. १९८९ साली, वडील गेल्यानंतरच्या वर्षी, घराची दुरुस्ती काढली. दारांच्या चौकटींना लाकूड हवं होतं आणि परसात एक जुना फणस होता, घराकडे थोडा कललेला. तो पाडायचं ठरलं. गावातले एक वयस्कर लाकूडतोडे आणि त्यांचा पुतण्या, असे दोघं आले. दोघांनी ओढायची करवत, कुऱ्हाड, कोयती आणि दोर, एवढी सामग्री. मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं गेलो होतो आणि सोमवारी मला कॉलेजात हजर व्हायचं होतं.

फणस घराच्या उलट दिशेला पडला खरा, पण जमिनीवर आला नाही. शेजारच्या ऐनाच्या फांद्यांत अडकून तिरका लटकत राहिला. रविवारची दुपार टळत आली होती. थोरल्यांनी दोनदा वर पाहिलं, करवत खाली ठेवली आणि म्हणाले, "मास्तरानू, झाड खय पळान जाता? फाल्यां बघूया." उद्या आणखी दोन माणसं आणि जाड दोर आणू, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "आता एवढं तेवढंच तर राहिलंय. उरकून टाका. मला उद्या जायचंय." ते गप्प बसले. पुतण्या विशीतला, अंगात जोर. तो ऐनाच्या बुंध्याशी गेला. ऐन तोडला की फणस आपोआप खाली येईल, हा त्याचा हिशोब. हिशोब बरोबर होता. फणस आलाच खाली. फक्त त्याला बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही. उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला आणि पुढे तो काढावा लागला.

गावात सगळे म्हणाले, नशीब. मीही तेच म्हटलं. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, कार्यकारणभावावर वर्गात तास घेणारा माणूस, आणि त्या दिवशी मला 'नशीब' हा एकच शब्द सुचला. उपचाराचा खर्च मी केला आणि त्यानं सुटलो असं वाटून घेतलं. आज जे बोलणार आहे ते, खरं सांगायचं तर, त्या शब्दाची उलटतपासणी आहे.

२. धंदा किती धोक्याचा

अमेरिकेत कामगारांच्या मृत्यूंची धंद्यानुसार मोजदाद होते. २०२२ सालच्या तिथल्या सरकारी आकडेवारीत लाकूडतोड कामगारांमध्ये दर एक लाख पूर्णवेळ कामगारांमागे सुमारे १०० मृत्यू होते. सगळे धंदे मिळून सरासरी होती ३.७. म्हणजे जवळजवळ सत्तावीस पट. आणि ही अशा देशाची स्थिती आहे जिथे लाकूडतोडीच्या सुरक्षिततेचे सविस्तर सरकारी नियम १९९५ पासून लागू आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनंही १९९८ साली वनकामातल्या सुरक्षिततेसाठी आचारसंहिता प्रसिद्ध केली.

धोका इतका का? आपण एक साधा हिशोब करू. सरासरी ४० सेंटिमीटर व्यासाचं, १२ मीटर उंचीचं नुसतं सरळ खोड घ्या, फांद्या सोडून द्या. त्याचं घनफळ येतं साधारण दीड घनमीटर. ओल्या लाकडाचं वजन पाण्याच्या आसपास धरलं तर हे झालं सुमारे दीड टन. छोट्या मोटारगाडीपेक्षा जास्त. ही गाडी उभी टांगलेली आहे आणि तिच्या बुंध्याशी उभा राहून एक माणूस तिचा आधार काढून घेतो आहे. लाकूडतोड म्हणजे हे.

कारखान्यातल्या यंत्रावर एकच काम हजार वेळा होतं आणि हजारही वेळा परिस्थिती जवळपास तीच असते. इथे प्रत्येक झाड वेगळं. कल वेगळा, वारा वेगळा, उतार वेगळा, आतली कीड वेगळी. म्हणून 'कालच असं पाडलं होतं' हे कारण इथे फारसं उपयोगी पडत नाही.

३. करवत लावण्याआधी पाहणं

अनुभवी माणूस झाडाशी आला की लगेच करवत लावत नाही. तो झाडाभोवती एक फेरी मारतो. काय पाहतो? झाडाचा कल कुठे आहे. फांद्यांचा भार कोणत्या बाजूला जास्त आहे, कारण खोड सरळ असलं तरी भार एकीकडे असू शकतो. वारा कुठून येतो. वर सुकलेल्या, मोडून अडकलेल्या फांद्या आहेत का. वेलींनी हे झाड शेजारच्या झाडाला बांधून टाकलंय का. विजेच्या तारा आहेत का. बुंध्याशी ढोली, आळंबी, मुंग्यांनी काढलेला भुसा दिसतो का. मग तो कुऱ्हाडीच्या पाठीनं खोडावर ठोकतो आणि आवाज ऐकतो. भरीव लाकडाचा आवाज वेगळा, पोकळ लाकडाचा वेगळा.

आता मंडळी, हे सगळं अनुमान आहे. न्यायशास्त्रातलं अनुमान. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. बुंध्यावर तळहाताएवढी कडक आळंबी दिसते, म्हणून आत लाकूड कुजलंय. धूर आणि अग्नी यांच्या संबंधाला आपण व्याप्ती म्हणतो. जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. पण उलट म्हणता येत नाही. जिथे अग्नी तिथे धूर असतोच असं नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा हे आपल्या परंपरेतलं ठरलेलं उदाहरण. तसंच इथे. आळंबी आहे म्हणून आत कुज आहे, हे चालेल. आळंबी नाही म्हणून कुज नाही, हे चालणार नाही. दुसरं वाक्य पहिल्यासारखंच वाटतं, आणि माणसं मरतात ती दुसऱ्या वाक्यानं.

याच्यापुढची पायरी मला फार मोलाची वाटते. मीमांसकांचा भाट्ट संप्रदाय आणि अद्वैत वेदान्ती 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. नैयायिक तिला वेगळं प्रमाण मानत नाहीत, पण तो वाद आज बाजूला ठेवू. महत्त्वाची आहे ती अट. नुसती अनुपलब्धी पुरत नाही, ती 'योग्य' असावी लागते. म्हणजे घट तिथे असता तर तो नक्की दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

हे झाडाला लावून पाहा. 'वर सुकी फांदी दिसत नाही' असं म्हणताना पहिला प्रश्न हा, की ती असती तर दिसली असती का? सकाळच्या स्वच्छ उजेडात, चारही बाजूंनी फिरून, मान वर करून पाहिलं असेल तर हो. संध्याकाळी, दाट पानोळ्यात, वेलींच्या जाळ्यात, एकाच बाजूनं पाहिलं असेल तर नाही. तेव्हा 'दिसत नाही' याचा अर्थ एवढाच, की मला दिसत नाही. अडकून राहिलेल्या तुटक्या फांदीला इंग्रजी बोलणारे लाकूडतोडे 'बायकोला विधवा करणारी' अशा अर्थाचं नाव देतात. शब्द क्रूर आहे, पण तो अनुभवातून आलेला आहे. करवतीची थरथर खोडातून वर जाते आणि महिनोन् महिने अडकलेली फांदी नेमकी तेव्हा सुटते.

४. झाड 'कापत' नाहीत

आता प्रत्यक्ष तोडण्याकडे येऊ. बहुतेकांची कल्पना अशी असते की एका बाजूनं कापत जायचं आणि दुसऱ्या बाजूला पोचलो की झाड पडतं. असं केलं तर झाड त्याच्या मनाला येईल तिकडे पडतं.

प्रत्यक्षात तीन गोष्टी असतात. ज्या बाजूला झाड पाडायचं त्या बाजूला आधी दोन काप घेऊन लाकडाची एक फोड काढून टाकतात. ही खाच, कलिंगडाची फोड काढल्यावर राहते तशी. मग विरुद्ध बाजूनं मागचा काप घ्यायचा, खाचेच्या टोकाच्या पातळीत किंवा किंचित वर. पण तो खाचेपर्यंत न्यायचा नाही. मध्ये लाकडाची एक पट्टी न कापता ठेवायची. हीच तिसरी गोष्ट, आणि सगळी करामत तिच्यात आहे. ही पट्टी म्हणजे बिजागरी. दार जसं बिजागरीवर फिरतं आणि म्हणून ठरलेल्या बाजूलाच उघडतं, तसं झाड या पट्टीवर वाकत ठरलेल्या बाजूला जातं. म्हणजे झाडाला दिशा देतो तो आपण न कापलेला भाग.

मापं ढोबळ सांगतो. खाचेची खोली व्यासाच्या एक पंचमांश ते एक चतुर्थांश. बिजागरीची जाडी व्यासाच्या साधारण एक दशांश. ५० सेंटिमीटरचं झाड असेल तर खाच दहा-बारा सेंटिमीटर आणि बिजागरी पाच सेंटिमीटर. दहा सेंटिमीटर खोल खाच घेतली तर तिच्या टोकाशी बिजागरीची लांबी बरोबर ४० सेंटिमीटर मिळते, म्हणजे व्यासाच्या ८० टक्के. शाळेतल्या भूमितीनं, वर्तुळाची जीवा काढून, हे तुम्ही घरी पडताळू शकता. झाड कुजकं असेल किंवा कल जास्त असेल तर हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

खाचेचं तोंड किती उघडं ठेवायचं, यालाही अर्थ आहे. झाड वाकत जातं तशी खाच मिटत जाते. ती पूर्ण मिटली की बिजागरी तुटते आणि तिथून पुढे झाडावर कोणाचंच नियंत्रण राहत नाही. ४५ अंशांची खाच अर्ध्या वाटेत मिटते. ७० अंश किंवा त्याहून जास्त उघडी खाच घेतली तर झाड जवळपास जमिनीला टेकेपर्यंत बिजागरी टिकते. खाचेचे दोन काप एका रेषेत अचूक मिळाले पाहिजेत. एक काप दुसऱ्याच्या पुढे गेला तर ती बारीक फट आधी मिटते, झाड मध्येच अडतं आणि त्याचा सगळा जोर खोड फाडण्यात जातो.

खोड फाटणं हा सर्वांत भीषण प्रकार. झाड ज्या बाजूला पाडायचं त्याच बाजूला आधीच खूप कललेलं असलं की मागचा काप पुरा व्हायच्या आत ते पडू लागतं. मग खोड उभं चिरतं आणि मागचा अर्धा भाग सटकन वर व मागे उसळतो, नेमका करवतवाला उभा असतो तिथे. हे टाळायला मागचा काप मागून सुरू करत नाहीत. साखळी करवतीची पट्टी बिजागरीच्या मागे खोडात आरपार घुसवतात, आधी बिजागरी नीट घडवतात, मागे धरून ठेवायला लाकडाचा एक पट्टा शिल्लक ठेवतात आणि तो सर्वांत शेवटी कापतात. झाड तोपर्यंत जागचं हलत नाही. हे काम शिकल्याशिवाय करू नये, कारण पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला तर करवत उसळून तोंडावर येते.

तुमच्याकडे गावोगाव जिला नुसतं 'कटर' म्हणतात, तीच ही करवत. तिची साखळी सेकंदाला सुमारे वीस मीटर वेगानं फिरते. म्हणून ती दोन्ही हातांनी, अंगठे मुठीखाली वळवून धरायची. खांद्याच्या वर न्यायची नाही. साखळीचा ब्रेक चालतो का, ते रोज पाहायचं. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांपुढे जाळी, कानांना संरक्षण आणि पायांना जाड विजार. या विजारीत लांब तंतूंचे थर असतात. साखळी लागली की तंतू बाहेर ओढले जाऊन यंत्रात गुंततात आणि साखळी थांबते. आपल्याकडे मी पाहतो तो करवतवाला लुंगी आणि स्लीपरवर असतो. आपण कौतुकानं म्हणतो, काय सवय आहे बघा त्याला! साखळीला त्याच्या सवयीशी काही देणंघेणं नाही.

आणखी एक गोष्ट. पळण्याची वाट. ती काप घेण्याआधी ठरवायची आणि साफ करायची. झाड पडणार त्याच्या नेमकं मागे नव्हे, कारण बुंधा मागे सरकू शकतो. तिरकं मागे, साधारण ४५ अंशात. झाड हललं की थांबून बघत बसायचं नाही, पंधरा-वीस फूट दूर व्हायचं आणि नजर वर ठेवायची. बाकीच्यांनी किमान दोन झाडांच्या उंचीइतकं लांब राहायचं. मुलं, बघे, आणि मोबाइलवर चित्रण करणारे आपण सगळे, त्यात आलो.

५. लटकलेलं झाड

आता माझ्या फणसाकडे येतो. अडकलेल्या झाडाबद्दलचे नियम जगभर जवळपास एकच आहेत. त्याच्याखाली जायचं नाही. ज्या झाडावर ते अडकलंय, ते तोडायचं नाही. त्यावर दुसरं झाड पाडायचं नाही. वर चढायचं नाही. लांबून दोर किंवा ओढयंत्र लावून बुंधा मागे खेचायचा, किंवा लांब तरफेनं खोड फिरवून सोडवायचं. ते जमत नसेल तर जागेला दोरी बांधून लोकांना दूर ठेवायचं आणि योग्य साधन घेऊन परत यायचं.

थोरल्यांनी यातलं काहीही वाचलेलं नव्हतं. तरी 'उद्या बघूया' या दोन शब्दांत सगळी आचारसंहिता होती. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९४९ सालच्या पुस्तकात 'अमुक असं आहे हे जाणणं' आणि 'अमुक कसं करायचं हे जाणणं' असा भेद केला. मी तो पंचवीसेक वर्षं शिकवला. पण त्या भेदाला एक शेपूट जोडावं असं मला वाटतं. कसं करायचं हे जाणण्यात, कधी करायचं नाही हे जाणणंही येतं. पुतण्याला करवत ओढणं थोरल्यांइतकंच येत होतं, कदाचित जास्त. त्याला थांबणं येत नव्हतं. ज्याला येत होतं, त्याला मी थांबू दिलं नाही.

असंच एक ज्ञान वादळानंतर लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि नारळ, पोफळी, आंबे मोठ्या संख्येनं आडवे झाले. घरोघरी कटर सुरू झाले. पडलेलं झाड निर्धोक वाटतं, पण ते वाकलेल्या धनुष्यासारखं असतं. वाकलेल्या खोडाच्या एका बाजूला दाब असतो, दुसऱ्या बाजूला ताण. आधी दाबाच्या बाजूला उथळ काप घ्यायचा, मग ताणाच्या बाजूनं सावकाश. उलट केलं तर खोड चिरून उसळतं. मुळासकट उपटलेल्या झाडाचं खोड कापलं की मुळांचा गड्डा झटक्यात परत खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात कोणी उभं असेल, तर काय होईल ते सांगायला नको.

६. कावळा आणि फांदी

आता शेवटचा प्रश्न. अपघात कोणाचा?

आपण म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा येतो, ताडाचं फळ पडतं. दोन घटना एकदम घडल्या, पण एकीमुळे दुसरी नाही. योगायोग. जगात असे योगायोग असतात, नाही असं नाही. पण 'नशीब' हा शब्द वापरताना आपण नकळत असा दावा करतो की ही घटना काकतालीय होती. तो दावा तपासायला नको का?

फणसाच्या बाबतीत तपासून पाहू. झाड अडकणं हा योगायोग म्हणता येईल का? थोडाफार. शेजारी ऐन आहे हे दिसत होतं, तरी सोडून देऊ. पण आधार तोडल्यावर झाड खाली येणं हा योगायोग नाही, तोच तर हेतू होता. आधार तोडणारा माणूस झाडाखाली असणं हाही योगायोग नाही, बुंधा तिथेच आहे. आणि तो त्या वेळी तिथे का गेला? कारण सोमवारी एका माणसाला कॉलेज होतं. या साखळीत कावळा कुठेच नाही. प्रत्येक कडी दुसरीला जोडलेली आहे, आणि एक कडी माझं वाक्य आहे. "एवढं तेवढंच तर राहिलंय."

लोक म्हणतील, सर, करवत तुमच्या हातात नव्हती. नव्हती. पण वेळ माझ्या हातात होता आणि पैसेही. झाडामागे ठरावीक रक्कम ठरवली होती, म्हणजे दुसरा दिवस लागला असता तर त्यांचा रोज बुडाला असता. उक्तं काम दिलं की घाईची किंमत कामगाराच्या खिशातून जाते. तो सावधपणा करतो तेव्हा स्वतःच्या मजुरीतून करतो. हे सगळं माझ्या ध्यानात आलं नाही, कारण मला त्याची झळ लागत नव्हती.

आपल्या शहरांत १९७५ च्या कायद्यानं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. चांगली गोष्ट आहे. आपण अर्ज करतो, कागद मिळवतो. झाडाची चौकशी होते. जो माणूस चढणार आहे त्याची चौकशी कागदावर नसली तरी निदान आपण तोंडी करावी, एवढंच मी म्हणतो. काम देणाऱ्यानं चार गोष्टी कराव्यात. उक्त्याऐवजी रोजावर काम द्यावं. 'आज नको' म्हणायचा अधिकार त्याला कामाआधीच, स्पष्ट शब्दांत द्यावा. एकट्याला काम करू देऊ नये आणि दवाखान्यापर्यंत नेणारं वाहन जवळ असावं. आणि काम चालू असताना सूचना देऊ नयेत. शेवटची गोष्ट आम्हा मास्तर लोकांना सर्वांत अवघड जाते.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : सर, परदेशात मोठी यंत्रं झाडं तोडतात. ती आली की हा प्रश्न मिटेल ना?*

बऱ्याच अंशी. स्वीडन, फिनलंडमध्ये बहुतेक तोड यंत्रानं होते. माणूस मजबूत केबिनमध्ये बसतो, झाडाशेजारी उभा राहत नाही, त्यामुळे धोका खूप कमी होतो. पण ही यंत्रं एकसारख्या, सरळ झाडांच्या लागवडीत चालतात. कोकणातल्या परसातला आंबा, घाटाचा उतार, दोन घरांमधलं नारळाचं झाड, इथे माणूसच जाणार. तेव्हा प्रश्न लहान होईल, मिटणार नाही.

*प्रश्न : तुम्ही तासभर झाड कसं तोडावं हे सांगितलंत. तोडूच नये असं का सांगत नाही?*

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. ज्या झाडाला तोडायचं कारण नाही, ते तोडू नये, यात मतभेद नाही. पण तुम्ही ज्या खुर्चीवर बसला आहात ती लाकडाची आहे. ती कोणीतरी तोडलेल्या झाडाची आहे. झाडाबद्दल कळवळा असावा आणि झाड तोडणाऱ्याबद्दल नसावा, ही निवड करायची गरज नाही. गंमत अशी की सावकाश, विचार करून तोडणारा माणूस शेजारची झाडंही वाचवतो. माझ्या घाईत फणसाबरोबर ऐनही गेला.

*प्रश्न : त्या मुलाचं पुढे काय झालं?*

मुलगा कसला, आता तो साठीच्या जवळ आलाय. बाजारात त्याचं छोटं दुकान आहे. थोरले गेले. चार-पाच वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे गेलो आणि जे तुम्हाला आज सांगितलं ते त्याला सांगितलं, की ते नशीब नव्हतं, माझी घाई होती. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, ह्यां माका तेव्हाच म्हायत होतां. तुमका म्हायत आसा की नाय, ह्यां माका म्हायत नव्हतां."

आमच्या घराच्या चौकटी त्या फणसाच्याच आहेत. दार उघडताना बिजागरी वाजते, तेव्हा थोरल्यांचे शब्द आठवतात. झाड कुठंही पळून जात नाही. सोमवारचं कॉलेजही कुठं गेलं नसतं.

 पुढच्या महिन्यात भेटू.